डावा हात

कोण बसणार, ते मला कधीच सांगत नाहीत.
सांगूच शकत नाहीत : कवितेवर टोपणनाव असतं,
खरं नाव दुसऱ्या पाकिटात, आणि ते पाकीट तिजोरीत.
म्हणून वेल्सच्या या खोऱ्यात दर हिवाळ्यात
मी एका अनोळखी पाठीचं माप घेतो.
रुंद असेल, काटकुळी असेल.
मेरेरिद म्हणते, कवीची आहे ना, मग पोक धरूनच चाल.

यंदाचा ओक चॅपलमागचा, वादळात पडलेला.
चार महिने रंधा, पटाशी, जवसाचं तेल.
खाचेत कुसू असं बसलं
की ठोकावं लागलं नाही, नुसतं दाबलं.
पाठीवर एकच पान कोरलं. पुष्कळ झालं.

मग ऑगस्टातला तो मंडप, चार हजार माणसं,
आणि परीक्षक, चष्मा पुसत :
बावीस कविता आल्या. वृत्त कुठे सुटलेलं नाही.
आमच्याकडे असे लोक आहेतच,
वृत्त म्हणजे ज्यांच्या डाव्या हाताचा मळ.
पण या खुर्चीत बसवावं, असं यंदा कुणी नाही.

दिव्याचा झोत सवयीने एकदा
सगळ्या डोक्यांवरून फिरला आणि विझला.
कर्णे वाजवणारी दोन पोरं
ओठ ओले करून तशीच उभी.
माझ्या नखांत अजून तेल होतं.
मी हात खिशात घातले.

मेंढरांच्या व्हॅनमधून, घोंगडीत गुंडाळून,
परत आणली. स्वयंपाकघरात ठेवली,
दुसरीकडे जागा नव्हती.
कुणी बसलं नाही. मेरेरिदने
एकदा त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले
आणि लगेच उचलले.

सप्टेंबरात टेगवेन आली अंडी घेऊन.
पोस्टातून निवृत्त, बोलायला कमी.
म्हणाली, 'टिटवी' मीच. बाविसातली.
परीक्षकांनी छापलं होतं त्यांच्या निवाड्यात :
'टिटवी' पाचव्या कडव्यात लंगडते.

बसा, म्हटलं. ती बसली नाही.
खुर्चीच्या हातांवरून आपले हात फिरवले, डोळे मिटून,
आणि म्हणाली, डावा उतरलाय.

दोन सूत.
तीन परीक्षक तिच्याभोवती फिरून गेले होते,
फोटोवाले गुडघ्यांवर बसले होते.
मी म्हटलं, तिथे गाठ होती.
काढली असती तर लाकूड चिरलं असतं,
म्हणून ठेवली, आणि तिच्याकडे उतरू दिलं.

ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग : माझ्या पाचव्यात भाऊ आहे.
खाणीतला. मी त्याला चारदा काढून पाहिला.

आणि तिथेच, टोपली कोपरात अडकवून,
तिने ते कडवं म्हटलं.
मला वृत्तातलं अर्धंच कळतं.
पण लंगडतं कुठे, ते ऐकू आलं.
किटलीतलं पाणी उकळून उकळून
निम्मं झालं, कुणी उठलं नाही.

अंड्यांचे पैसे घ्यायला ती विसरली.

आता पुढच्या वर्षीचं लाकूड शेडमध्ये आलंय.
अजून ओलं आहे, वास येतो.
काल फळीवर खडूने माप मांडलं :
बसकी पाठ, आखूड मांडी,
डावा कोपर उजव्याहून जरा खाली.
नियमात हे बसत नाही, मला माहीत आहे.

मेरेरिद दारात उभी राहून बघत होती.
कोणाचं माप, तिने विचारलं.
म्हटलं, अनोळखी.