नाक आलं की ये

वखारीत माझं नाक पगारावर आहे.
बोद फोडायचं, चिमूट चुरायची, हुंगायचं
आणि सांगायचं: हा काळ्या रानाचा,
ह्याला पाणी जास्त झालं,
ह्याला कुणीतरी गुळवणी मारलीय.
एकोणतीस वर्षं. फारसा चुकलो नाही.
आणि ऐन हंगामात पडसं.

मुकादम बाळगोंडा म्हणाला, घरी जा,
नाक आलं की ये.
जसं काय ते पाहुण्याकडं चिकोडीला गेलंय
आणि संध्याकाळच्या गाडीनं उतरणार आहे.

डॉक्टर हंजी म्हणाले, नेगडी.
मी म्हटलं, पडसं.
गोळ्या दोन्ही भाषांत पिवळ्याच होत्या.

नाक बंद झालं की माणसाचं तोंड उघडतं,
असं आक्काताईचं म्हणणं.
असेलही. कट्ट्यावर मफलर गुंडाळून बसलो
आणि ज्याला त्याला मत देत सुटलो.
पट्टणशेट्टींच्या नव्या टाकीचा गुलाबी रंग चूक आहे.
टाकीनं पाणी धरावं, नटू नये.
आल्याच्या चहाचं उगाच नाव झालंय.
पोरांनी पतंग उडवावेत, पण माझ्या डोक्यावर नको.
टीव्हीवर जुनी मॅच लागली होती,
आपण हरलेली. मला ठाऊक होतं.
तरी कप्तानाला शिव्या दिल्या,
फील्डिंग बदल की गा, म्हणून ओरडलो,
मग खोकला आला आणि विकेट बघायची राहिली.

निपाणीत जन्म गेला पण
दुपारी दोनला आपली गल्ली कशी दिसते
हे बघितलंच नव्हतं.
एक कुत्रं. एक चप्पल, बिनजोडीची.
भंगारवाला कन्नडात ओरडत येतो,
मराठीत भाव पाडतो,
आणि पैसे मोजताना ओठातल्या ओठात
कुठल्या भाषेत मोजतो ते कळत नाही.
मी दोनदा कान लावून पाहिलं.

रात्री कुळथाचं माडगं.
भुरका मारला, गरम लागलं, एवढंच.
तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं,
लसूण झकास उतरलाय.
ती म्हणाली, लसूण संपलाय परवाच.
आणि वाढत राहिली.

पाचव्या दिवशी कोपऱ्यावरच्या डंकात
कुणाची तरी संकेश्वरी मिरची पडली.
गल्ली एकदम उठून बसली.
महानंदा शिंकते, तिची म्हैस शिंकते,
टाकीवर चढलेला पट्टणशेट्टी शिंकतो,
पोस्टमन सायकल धरून सात वेळा शिंकला
आणि पत्र भलत्याच घरात टाकून गेला.
मी एकटा मांडी घालून बसलो होतो,
डोळ्यांत पाणी, पण शिंक नाही.
अख्ख्या गल्लीत धडधाकट असा मीच.
पोस्टमनला आक्काताईचा कषाय घे म्हणालो.
फार बरं वाटलं.

सातव्या रात्री उशिरा
पाणी प्यायला उठलो. अंधारात
खुंटीवरच्या सदऱ्याला तोंड घासलं
आणि दचकलो.
कोण आहे, असं वाटलं.
उग्र, जुनाट, घशात बसणारं काहीतरी,
बंद गोदामाचं, भिजून वाळलेल्या गोणपाटाचं.
माझाच कामाचा सदरा.
एकोणतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या रानाचं पान ओळखलं,
हा माणूस हुंगला नव्हता.

पुन्हा नाक लावलं. चिमूट चुरतात तसं
कॉलर बोटांत चुरून बघितली.
आक्काताई जागी होती. म्हणाली,
आलं का नाक?
मी विचारलं, हा असाच वास येतो माझा? रोज?
ती म्हणाली, सुरवातीला दोन वर्षं
मी तोंड फिरवून झोपायची. तुला वाटायचं लाजते.
मग कुशीवर वळली.
बाहेर चारच्या पाण्याला लोक उठायला लागले होते,
कळशा वाजत होत्या.

टाकीच्या रंगाबद्दल मी अजून ठाम आहे.
आल्याच्या चहाबद्दल थोडा कमी.
ह्या गोष्टीवर मात्र
माझं काही मत झालेलं नाही.

सकाळी बाळगोंडाला निरोप धाडला,
आजचा एक दिवस अजून बसतो.
सदरा भिजत घातलाय.