वर्ष दुसरं

शिमशोन किहीमकर दिमोन्याहून आला की
औषधाच्या डबीत कापूस, कापसात नाणी.
जुन्या बाजारात ढिगातून उचललेली, पितळ म्हणून विकलेली.
यंदा अकरा. वर चिठ्ठी:
"तुझे डोळे सरकारनं तीस वर्षं वापरले,
आता थोडे माझ्यासाठी."

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये मी नोटा तपासायचो.
शाई केसभर सरकली की ताव बाद.
बायको म्हणायची, भाकरीसुद्धा
उजेडाकडे धरून बघतोस.
तिथल्या नियमानं ही अकराही बाद.

बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड पाणी आणलं.
आठ दिवस भिजवली, मग बाभळीचा काटा.
तांबट आळीतल्या वडनेरेंनी आधीच बजावलेलं,
चिंच लावू नका हो,
भांडं उजळतं, नाणं मरतं.
सराफ म्हणाला, सोन्याच्या काट्यावर हे?
पण तोललं. एक ग्रॅम वीस. एक ग्रॅम पाच.
हरभऱ्याच्या डाळीएवढं एक तर
काट्याला कळलंच नाही.

टॉर्च टेबलावर आडवा ठेवला
तेव्हा तिसऱ्यावर नांगर उमटला.
शेतातला नव्हे, जहाजाचा.
मागे आठ आऱ्या. मला चाक वाटलं,
पुस्तक म्हणतं चांदणी. यन्नाय राजाचं.
शिमशोनच्या वाडवडलांचं गलबत
नवगावच्या खडकावर फुटलं म्हणतात.
नांगर टाकायला वेळ मिळाला नसावा.
हे त्याला फोनवर सांगितलं, तर तो
बराच वेळ हसला, मग खोकला.

दहावं मी पुस्तकात तीन रात्री शोधलं.
कमळ? तळहात? झिजलेला चेहरा?
चांगदेव, माझा मेहुणा, पिंपळगावहून आला,
छाटणी आटपून, बोटांना पेस्टचा वास.
भिंग नको म्हणाला. अंगठा फिरवला.
"पान आहे. द्राक्षाचं. तुम्ही उलटं धरलंय,
देठ वर घ्या. ही बघा बाळी."

पानाभोवती अक्षरं होती, आता फक्त एक,
शिडीसारखं, दोन पायऱ्या शाबूत.
बंडाच्या दुसऱ्या वर्षाचं नाणं:
सियोनचं स्वातंत्र्य, असं लिहिलेलं असतं म्हणे.
पाचव्या वर्षी शहर पडलं.
शिडी त्या शब्दाचं पहिलं अक्षर.
चांगदेव चहा पीत म्हणाला,
"बाग चांगली असणार त्यांची. पान भरलेलं आहे."

अकरावं मात्र कोरंच.
दोन्ही बाजूंनी, चारी दिशांनी, आडव्या उजेडातही.
कुणाच्या तरी बोटांनी पूर्ण खर्च केलेलं.
बटर पेपरचं पाकीट केलं, वजन लिहिलं,
राजाची जागा मोकळी ठेवली.
खाली सवयीनं हात
"बाद" लिहायला गेला, थांबला.
"तपासलं" असं लिहिलं
आणि तारखेसकट सही केली.