किल्ल्या माझ्याकडे असतात

झेस्टाफोनीच्या जुन्या शाळेत
गुरुवारी संध्याकाळी नीतिशास्त्राचा वर्ग भरतो.
किल्ल्या माझ्याकडे असतात.
स्टोव्ह पेटवायचा, फळा पुसायचा
आणि मागच्या बाकावर बसून वाट बघायची,
ही थोराड माणसं भांडून कधी दमतात याची.

त्सियाला बाईंचा नियम एकच:
समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या तोंडानं मांडा,
असं, की तो म्हणेल, 'हो, हेच.'
मग खुशाल खोडा.

त्या गुरुवारी विषय होता खोटं बोलण्याचा.
बस चालवणारा नुगझार म्हणाला,
भाऊ खाणीत दगावला, तेव्हापासून नऊ वर्षं
आईला त्याच्या नावानं पत्रं लिहितोय मी,
त्याच्यासारखीच, डावीकडे कलती अक्षरं काढून.

एतेरी, नर्स आहे, ताडकन उठली.
'ते दुःख तिचं होतं. तू चोरलंस.'

बाई म्हणाल्या, नुगझार, मांड तिचं.
'ती म्हणते, मी चोर आहे.'
एतेरीनं मान हलवली. नाही.
'ती म्हणते, खरं बोलावं.'
नाही. हे काय, कुणीही म्हणेल.
स्टोव्हमध्ये ओलं लाकूड फुसफुसत होतं.
बराच वेळ तो टोपी चुरगाळत राहिला, मग म्हणाला,
'ती म्हणते, आई रडली असती,
आणि ते रडणं पेलायची ताकद तिच्यात होती,
आणि मी नऊ वर्षं
तिला लहान मूल समजत आलो.'

'हो,' एतेरी म्हणाली. 'हेच.'
आवाज मात्र जिंकल्यासारखा नव्हता.

तिला पहिल्याच खेपेला जमलं:
'पत्र लिहिताना, तेवढा अर्धा तास,
तुझाही भाऊ जिवंत असायचा.'

पटलं कुणालाच कुणाचं नाही.
तो अजून लिहितो. ती अजून त्याला चूक म्हणते.
त्या रात्री शेवटची बस वीस मिनिटं उशिरा सुटली,
कारण चालक फाटकापाशी वाद घालत उभा होता
आणि एकुलती एक प्रवासी त्याला उत्तर देत होती.

मी कुलूप लावलं.
घरी मुलाची बॅग दाराशी, भरलेली. पोलंडला चाललाय.
तीन आठवडे आमचं बोलणं नाही.
बूट न काढताच म्हणालो,
'थांब. तुझं म्हणणं आधी मी सांगतो.
तुला वाटतं...'

त्यानं सगळं ऐकून घेतलं.
'नाही, बाबा,' म्हणाला,
आणि पायानंच एक खुर्ची माझ्याकडे सरकवली.
'पुन्हा सांगा.'