लीक टेस्ट

अंबडच्या कारखान्यात मी व्हॉल्व्ह तपासतो.
पाण्याखाली धरायचा, हवा सोडायची,
बुडबुडा आला की लाल खडूची फुली.
सोळा वर्षं झाली, बुडबुडा नजरेतून सुटत नाही.

घरी मृण्मयी.
पाठीवर गाठ घेऊन आली. गाठ दुसऱ्याच दिवशी काढली,
पण वरचा निरोप कमरेखाली
कधी पोचलाच नाही.
नऊ वर्षं डायपर, पवननगरच्या मेडिकलमधून,
काळ्या पिशवीत, वर मेथीची जुडी ठेवून.
शाळेत तिचं बाक दाराशी. बाईंनीच लावलं, मायेनं.
वारा बाहेर जातो त्या बाजूला.

मुंबई नाक्याच्या दवाखान्यात
गद्रे मॅडमनी फाइलच्या पाठीवर चित्र काढलं.
आतड्याचं ठिगळ लावून मूत्राशय मोठं करू,
अपेंडिक्सची नळी करून बेंबीत आणू,
दर चार तासांनी तिची तीच रिकामं करील.
मी विचारलं, प्रेशर किती सोसेल?
त्या पेन थांबवून माझ्याकडे बघत राहिल्या.
वैजयंता एवढंच म्हणाली, बेंबीत?
नाळ तिथंच तर बांधली होती.

आठ तास.
बाकावर शेजारी पिंपळगावचे एक गृहस्थ,
त्यांच्या मुलाची अपेंडिक्स सकाळीच काढून फेकलेली.
कशाला असते देव जाणे, म्हणाले.
मी मान हलवली.
फेकलेल्या वस्तूचा असा हेवा कधी वाटला नव्हता.
आमचीही लांब निघाली. दोन तुकडे झाले,
दुसऱ्यात संडासाची सोय.

मग महिनाभर नळ्या.
लघवीत शेंबडासारखं काही तरंगायचं.
आतडं आपला स्वभाव सोडत नाही, मॅडम म्हणाल्या,
रोज धुवा.
एकदा नळी आत जाईना, रात्री दोन वाजता
स्कूटरवर तिघं, त्र्यंबक नाक्याचा सिग्नल
रिकाम्या रस्त्यावर लाल होऊन बसलेला.
अजूनही संध्याकाळी पाऊण तास
ती कमोडवर, पोटातून पाणी सोडून,
एकोणतीसचा पाढा म्हणत, नाही तर आम्हाला शिव्या देत.
बरी झाली का, लोक विचारतात.
या शब्दाचं मला नीट कळत नाही.

गेल्या शनिवारी मैत्रिणीकडे राहायला गेली, इंदिरानगरला.
दप्तरात नळ्या, जेली, छोटा आरसा.
मी रात्रभर फोन उशाशी धरून.
सकाळी आली, चपला न काढताच आत,
चौघी एकाच गादीवर होतो, म्हणाली.
आणि बाबा, मी कडेला नाही,
मधे झोपले.