घास अडकतो का?

निळ्या जाकिटाच्या पाठीवर माझं नाव नाही,
'आरोग्य स्वयंसेविका' एवढंच, तेही धुऊन धुऊन फिकं.
चहाच्या मळ्यांमधली त्र्याण्णव घरं माझ्याकडे.
वही, पेन, पोरांचे दंड मोजायची पट्टी
आणि एक प्रश्न, जो छापील रकान्यांत नाही.
तो मी समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलाय.

आधी गाईंची चौकशी. मग मक्याची. मग कुणाचा मुलगा नैरोबीत काय करतो.
तोवर चहा येतो, दुधाळ, चुलीवरून थेट.
मी पेला हातात धरून बसते.
"पी ना तापकिगेन, पाणी झालं त्याचं."
"होऊ दे. तुम्हीही जरा थांबा."
हसतात. आमच्या डोंगरात कोमट चहा देणं
म्हणजे पाहुण्याला दारातूनच वळवणं.

मग विचारते: घास अडकतो का?
छे छे.
सगळ्यांचा घास सरळ उतरतो इथे.
म्हणून मी माणसाकडे बघत नाही,
ताटाकडे बघते.

हे माझ्या वडिलांनी शिकवलं, न शिकवता.
आधी ते उगालीचा गोळा लहान तोडू लागले.
मग रश्शात बुडवून.
मग म्हणाले, दात दुखतात.
मग दोन्ही वेळा उजी, पेजेसारखी पातळ.
मग नुसतं तुंब्यातलं मुर्सिक,
आणि शेवटी तेही आई गाळून द्यायची.
आम्ही म्हणायचो, म्हातारा पुन्हा बाळ झालाय.
आईनं चर्चच्या ओसरीवर हे कौतुकानं सांगितलं होतं.
सात महिने आम्ही हसत होतो.
कुणी म्हणालं, करणी. त्यात एक बकरा गेला.
बोमेटला पोचलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवली
उरलेली वाट:
मक्याचा दाणाही गेला नसता.

जाळीची नळी बसवली. बरं व्हायला नाही,
बाई स्पष्ट बोलल्या, जेवायला.
चौथ्या दिवशी बाबांनी मऊ केलेली उगाली खाल्ली,
हळू, प्रत्येक घासाला थांबून, जणू कुणाची परवानगी घेत,
आणि वाटी पुढे करून म्हणाले,
"आणखी."

तो शब्द कुठे ठेवावा, मला अजून कळलेलं नाही.

अकरा आठवडे मिळाले.
उशांची उतरण रचून रात्री बसतं ठेवायचं.
मॉर्फिन झाकणानं मोजून, चार-चार तासांनी,
मध्यरात्रीचं झाकण माझं.
माझा भाऊ किबोरे, चुलीपाशी कधी न फिरकलेला,
उजी गाळायला शिकला;
एक गुठळी बोटाला लागली की सगळी पुन्हा गाळायचा,
रागानं, त्या गुठळीनंच सगळं केल्यासारखा.
शेजारीण तापलेतगोइ चादरी धुवायला न्यायची.
'नेऊ का' असं तिनं कधी विचारलं नाही. न्यायचीच.
आणि काही जण आलेच नाहीत.
त्यांना वाटायचं, हे पेल्यातून लागतं.
त्यांचीही घरं माझ्या वहीत आहेत. तिथेही जाते.

आज आराप मोसोनिकांकडे.
म्हणाले, आत्ताच जेवलो, भरपेट.
पट्ट्याला नवं भोक पाडलेलं, खिळ्यानं.
सून खाली बघत होती.
मी त्यांच्या खुर्चीखाली बघितलं:
कुत्रा.
सगळ्या मळ्यात इतका लठ्ठ कुत्रा नाही.

चिठ्ठी लिहिली, तारखेसकट.
ते म्हणाले, बघू, चहाचा बोनस येऊ दे.
सून म्हणाली, बोनस येईल तेव्हा येईल.
ती एवढं पहिल्यांदाच बोलली असावी;
कुत्र्यानंसुद्धा मान वर केली.

नंतर कुणीच काही बोललं नाही.
"उठ आता," ते म्हणाले, "तुला बाकीची घरं असतील."
आहेत. 
पण माझा चहा अजून निवलेला नाही.
मी बसलेय.