विचाराधीन

पुण्यात तीनदा. मंग ठाणे, मंग दुबई.
खाली बारीक अक्षरात नागपूर,
अन् त्याच्या म्होरं : विचाराधीन.

पंजाबभाऊनं चष्मा पुसून दोनदा वाचलं.
'निळी जीप'ची कॅसेट गुंतली की
पेन्सिल घालून सोडवनारा साऱ्या आर्वीत हाच.
आता गुडघे बदलायले आले त्याचे.
ड्रमवाल्याचेही आले असतील.

आमी लिवलं होतं त्यायले :
जिनिंगचं आवार मे मयन्यात रिकामंच असते,
जनरेटर बोढेकाकाचा,
जेवन वनमालावहिनीकडे, तिखट कमी सांगू.
उत्तरात सही केलेला फोटो आला,
तोही पाचातल्या चौघायचाच.

एक डाव गेलते ते इकडून, हावड्याच्या गाडीनं.
पुलगावले दोन मिनिटं थांबते.
आमी सतरा जन फलाटावर,
एसी डब्याचे पडदे बंद.
मंग आमीच गायलो. दुसऱ्या कडव्याले
गाडी हालली.
एका काचेवर बोटं वाजत होते, तालात.
का कोनाचं लेकरू होतं?
यावरून पंजाबभाऊ अन् मी आजूक भांडतो.

"जाऊ दे," म्हने, "पुन्याचं तिकीट केवढ्याचं?"
मी सांगतलं.
लय वेळ बोललाच नाई.
मंग म्हने, "एवढ्यात तं
जिनिंग येते आपलं, दोन दिस भाड्यानं."