घाट, आवृत्ती शून्य पूर्णांक सात

पाथर्डी फाट्यावर आमचं ऑफिस,
खाली टायर रिमोल्डिंगचं दुकान.
जळक्या रबराचा वास जिन्यानं वर येतो
आणि आमच्या अख्ख्या खेळात
तेवढं एकच खरं आहे.

खैरनारकाकांना निनादनं आणलं.
एकतीस वर्षं दहा टायरची गाडी,
पिंपळगावहून कांदा, वाशीला खाली.
रोजचे पाचशे आणि दोन चहा, या बोलीवर
ते खुर्चीत बसले,
प्लॅस्टिकचं स्टिअरिंग दोन बोटांनी दाबून पाहिलं,
काकडी घेताना पाहावं तसं.

पहिल्याच दिवशी सव्वीस चुका.
आरसा इतका स्वच्छ कसा?
उताराला चौथा कसा काय पडतो?
चढताना जो गिअर, उतरताना तोच,
लिहून घे पोरी, भिंतीवर लाव.
आणि कांद्याला ताडपत्री अशी आवळतात होय?
गुदमरेल ना तो.

मग म्हणाले, थांबणं कुठंय?
कसलं थांबणं?
अंबडला माल भरायला अकरा तास.
द्वारकेच्या चौकात पाऊण तास.
वजनकाट्यावर. गेटवरच्या वॉचमनचं जेवण होईस्तोवर.
गाडी चालवणं म्हणजे काय,
दोन थांबण्यांच्या मधलं काम.

तेव्हापासून माझ्या पडद्यावर एक सरकपट्टी आहे,
डावीकडे मजा, उजवीकडे खरं.
अकरा तास ठेवले
तर खेळून बघायला आलेली पोरं
चौथ्या मिनिटाला खिशातला फोन काढून बसली
(खरा ड्रायव्हर तरी दुसरं काय करतो).
अकरा सेकंद ठेवले
तर काका रागावले नाहीत,
अर्धा चहा ठेवून उठले.
निनाद म्हणतो, सात.
सात काय? तास? मिनिटं?
आणि ठरवणारी मी कोण,
मला स्कूटी धड स्टँडवर लावता येत नाही.

पंक्चर ठेवलं, जॅक लावणं काढलं.
घोटीचा टोल ठेवला, रांग काढली.
झोपेवरून दोन दिवस भांडलो.
पडदा कडांनी काळा होत जातो,
हॉर्न लांबून आल्यासारखा ऐकू येतो,
मला फार आवडलं होतं ते.
काका म्हणाले, हे नको.
खरी असलेली एवढी एकच गोष्ट
त्यांनी नको म्हटली.
मी का ते विचारलं नाही. काढून टाकली.

काल रात्री घाट चालू झाला.
काकांनी दुसऱ्यात टाकून गाडी खाली सोडली
आणि तिसऱ्या वळणावर, डाव्या अंगाला,
चक्क उभी केली.
इंडिकेटर, हँडब्रेक, चाकाला दगड.
चाकाला दगड आमच्याकडे नाही,
पण टेबलाखाली त्यांचा पाय
काहीतरी चाचपत होता.

काका, इथं थांबता येत नाही,
दंड बसतो, मीच लिहिलाय.
ठाऊक आहे, म्हणाले.
एकतीस वर्षं इथून गेलो,
दरी बघितली नाही.
ती खिडकी क्लीनरची.
अक्रम ओरडायचा, उस्ताद, बघा,
आगगाडी मुंगीएवढी!
मी म्हणायचो, गप, रस्ता बघू दे.

दरी मी केलेलीच नव्हती.
कठड्यापलीकडे नुसता राखाडी रंग
आणि त्यावर भरपूर धुकं,
इगतपुरीच्या नावावर खपवलेलं.
इतक्या वेगात कोण बघणार होतं?
ते बघत होते.
कोपऱ्यात दंड चढत होता,
पाचशे, सातशे, हजार.

आज निनादचं सकाळपासून सात, सात चाललंय.
मी दरी करतेय.
आगगाडी तीनदा लहान केली,
अजून मुंगळ्याएवढीच दिसते.
दंड काढू का, म्हणून काकांना फोन केला.
पलीकडे कुकरची शिट्टी झाली.
राहू दे, म्हणाले,
फुकट बघितलं असं नको व्हायला.